चष्म्याला लटकलेला डबा

‘वाफेचा पाइप फुटला, कामगार भाजला, कंपनी झोपली!’ असं जाड अक्षरात छापलेलं आमचं पत्रक मी तेल कंपनीच्या गेटसमोर वाटत होतो. कंपनी वडनेरच्या अलीकडे, हायवेला लागून. सोयाबीनचं तेल काढते आणि माणसांचंही काढते. आमची संघटना नवी होती, माझा घसा नवा होता, आणि पत्रकात जेवढी उद्गारचिन्हं जास्त तेवढी क्रांती जवळ, असं मला वाटायचं.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर एक बाई बसली होती. सलवारीवर पुरुषाचा खाकी शर्ट, डोक्याला गमछा, कमरेला पाना खोचलेला आणि तोंडाला पावडर. साधी नाही, लग्नाला निघाल्यासारखी. तिने पत्रक घेतलं, पूर्ण वाचलं आणि बोट वाकवून मला बोलावलं.

‘हे तू लिवलं काय बे?’

‘हो ताई.’

‘पाइप फुटला?’

‘हो.’

‘तू पायला?’

‘कामगारांनी सांगितलं.’

‘पाइप फुटत नाई बापू. जोड सुटते. पाइप म्हनजे लोखंड, थे कायले फुटन? तू पाइप लिवला म्हनून साहेब म्हनन, पाइप जुना होता, आमी काय करू. जोड लिवला असता तर इचारावं लागलं असतं, जोड बांधला कोनं, अन् कोनाच्या सांगन्यावरून बांधला. जाय. पुन्ना छाप.’

मी भांडलो. ती माझ्यापेक्षा जोरात भांडली. टपरीवाल्याने दोघांच्या मधे चहाचे ग्लास आणून ठेवले, तेव्हा कुठे थांबलो. पत्रक पुन्हा छापलं. पहिल्या ओळीत ‘जोड’ आणि शेवटच्या ओळीत ‘कोणाच्या सांगण्यावरून?’ त्या शेवटच्या ओळीने साहेब लोक इतके बिथरले की आमच्या संघटनेला पहिल्यांदाच नोटीस आली. आम्ही पेढे वाटले.

ती बाई म्हणजे कुंदाताई थूल. गाव वडनेर. हिंगणघाटला आयटीआय केली, फिटर ट्रेड, वर्गात एकटी मुलगी. ‘मुलींसाठी शिवणकाम आहे की,’ असं तिथले सर रोज म्हणायचे. ‘मीबी म्हनो, सर, तुमी जा ना मंग शिवनकामाले, लय आवड दिसते,’ असं ती सांगायची आणि स्वतःच्याच विनोदावर टपरी हादरेल एवढं हसायची. कंपनीत ती ठेकेदाराची कामगार होती. ठेकेदार बदलत गेले, कुंदाताई तिथेच राहिली. काम फिटरचं, कागदावर हुद्दा हेल्परचा. केस पांढरे झाले तरी हेल्पर. एवढ्या मोठ्या कारखान्यातला वाफेचा एकेक जोड जिच्या हाताखालून गेला, तिला पर्मनंट करायला कंपनीकडे जागा नव्हती. गेटवर कारंजं बांधायला मात्र जागा होती.

स्वभावाने गोड होती असं मी लिहिणार नाही. नव्हतीच. भांडखोर होती, आढ्यताखोर होती, आणि एकदा मनातून उतरलेला माणूस परत चढवायची नाही. सख्ख्या बहिणीशी तिचं बोलणं बंद होतं. कारण काय, तर बहिणीने कुकरची रबरी कडी बदलायला सांगूनही बदलली नाही. ‘जे बाई घरातला एक जोड सांभाळत नाई, थे नातं काय सांभाळन?’ कोणाकडे जेवायला गेली तर आधी गॅसच्या नळीचा स्क्रू पाहायची, मग पानावर बसायची. पावडरबद्दल कोणी छेडलं की म्हणायची, ‘तेलाच्या कारखान्यात हाओ म्हनून तोंडबी तेलकट ठेवू काय?’

तिचं शिकवणं स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये चालायचं. ठेकेदार दर हंगामात नवी पोरं आणून टाकायचा. कालपर्यंत शेतात डवरणी करणारी पोरं आज वाफेच्या लाइनखाली उभी. कंपनीचं प्रशिक्षण म्हणजे एक इंग्रजी फिल्म आणि एक सही. बाकी सगळं कुंदाताई.

फ्लँज म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा गुन्हा कळणार नाही. दोन पाइप जोडायचे तर दोघांच्या टोकाला लोखंडाची एकेक जाड चकती बसवतात. चकतीला कडेने भोकं, भोकांतून बोल्ट, दोन चकत्यांच्या मधे, गळू नये म्हणून, पातळ गॅस्केट. बोल्ट कसले की जोड बंद. ही चकती म्हणजे फ्लँज. ती एका जातीची नसते, आणि चुकीच्या जागी चुकीची लावली की माणूस मरतो. कॅटलॉगमध्ये त्यांना इंग्रजी नावं आहेत. कुंदाताईने त्यांना आपली दिली होती.

‘हे गळ्याची. पाय कसा गळा हाये, पाइपाकडं निमुळता होत गेला. वाफेच्या मोठ्या लाइनले हेच. ताप आला, दाब आला, का गळा थोडा थोडा सोसते, एका जागी तान नाई पडू देत. हे बांगडी. पाइपावर सरकवली, वेल्डिंग मारलं, झालं. स्वस्तातली. पान्याच्या लाइनले, हवेच्या लाइनले चालते. वाफेले लावशील तर मले तोंड नोको दाखवू. हे आट्याची. पेट्रोलवानी पेटनाऱ्या सॉल्व्हंटच्या खात्यात जुन्या लाइनीवर कुठं वेल्डिंगची ठिणगी उडाली तर आपन सगळे उडून सिंदी रेल्वे गावात जाऊन पडू, म्हनून तठी आटे फिरवून बसवाची. हे सॉकेटची, बोटाएवढ्या पाइपाले. हे सैल. हे पाइपावर फिरते, भोकं जुळवाले सोपी, जठी रोज खोलून धुवा लागते तठी. अन् हे आंधळी. इले भोकच नाई. लाइन जठी संपवाची तठी हे. आंधळी हाये, पन साऱ्याइत भरवशाची.’

बोल्ट कसायचे ते समोरासमोर. एक इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा. ओळीने गोल फिरत कसलं की एक बाजू दबते आणि दुसरी उघडी राहते. ही सवय तिच्या अंगात इतकी भिनली होती की जयंतीच्या दिवशी विहारात पंगत बसली की ती बुंदीसुद्धा तशीच वाढायची. एक या कोपऱ्याला, एक त्या कोपऱ्याला, मधे पळत. लोक हसायचे. ‘हसा. गोल फिरलं का दूरची बाजू उपाशी राह्यते, हे आपल्याले कोनं शिकवावं?’

माणसांनाही ती फ्लँजमध्येच मोजायची. ठेकेदार सैल, जिकडे भोक जुळलं तिकडे फिरणारा. मोठे साहेब बांगडी, वरून सरकवून बसवलेले. मी आट्याचा. ‘गोल गोल फिरून एकदाचा लागते, अन् पयले अठूनच गळते,’ असं म्हणून तिने माझ्या तोंडाकडे बोट केलं होतं.

एकदा वाफेच्या मोठ्या लाइनसाठी ठेकेदाराने गळ्याच्या फ्लँजऐवजी बांगड्या आणल्या. वरून रंग मारला की बाहेरच्याला काय कळतं? स्टोअरने घेतल्या, इंजिनिअरने मान हलवली. कुंदाताईने त्यातली एक उभी केली आणि चाकासारखी घरंगळवत नेली. स्टोअरमधून यार्डात, यार्डातून ऑफिसच्या पायऱ्यांवर. तिथे दोन पोरांनी उचलून दिली. मग थंडगार ऑफिसच्या चकचकीत फरशीवरून ती चकती घरघरत मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत गेली आणि टेबलाला धडकून आडवी झाली.

‘व्हॉट इज धिस?’ साहेब उठून उभे राहिले.

‘बांगडी साहेब. मले सांगा, बाई मी हाओ का तुमची वाफेची लाइन? बांगडी तिले कायले आनली?’

तिला काही दिवस घरी बसवलं. पण गळ्याच्या फ्लँज आल्या. ती परत आली तेव्हा ऑफिसच्या फरशीवर लांबच लांब ओरखडा होता. साहेबांनी त्यावर गालिचा टाकला. लोखंड बदलायला यांना नोटांचा हिशेब सुचतो, गालिचा लगेच येतो. लिहिताना आजही माझे दात एकमेकांवर घासतात.

आता चष्म्याचं सांगतो.

कंपनीत एक तीन मजली उभं लोखंडी भांडं आहे. त्याला टोस्टर म्हणतात. सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरलेली पेंड त्यात वाफेवर शिजवतात. काही काळाने आत पेंडीचे थर दगडासारखे बसतात. मग भांडं बंद करून, थंड करून, माणसं एका भोकातून आत उतरतात आणि हाताने खरवडतात. माणूस आत असताना वाफ सुटली तर काय होईल, हे सांगायला नको. वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला तरी भागत नाही, व्हॉल्व्ह पाझरतो. म्हणून लाइनच्या जोडात, दोन फ्लँजच्या मधे, एक जाड पत्रा असतो, चष्म्यासारखा. त्याचा एक डोळा भरीव, एक डोळा पोकळ. पोकळ डोळा जोडात असला की वाफ चालू. बोल्ट ढिले करून पत्रा फिरवला आणि भरीव डोळा आत घातला की वाफ ठार बंद. तेव्हा पोकळ डोळा बाहेर, हवेत.

त्या बाहेरच्या पोकळ डोळ्यात कुंदाताईने तारेचे आकडे अडकवले होते. नियम तिचा: जो आत उतरेल त्याने आपला जेवणाचा डबा आकड्याला लटकवायचा. बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. जोवर एक जरी डबा लटकलेला आहे, तोवर चष्म्याला पाना लावायचा नाही. आणि दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, साहेब असो की देव असो.

कंपनीचे प्लॅस्टिकचे टॅग होते. इंग्रजीत. एक हरवला की दुसरा, कोणाचा कोणाला. ‘टॅग कंपनीचा हाये, डबा मानसाचा हाये,’ कुंदाताई म्हणायची. शिवाय थांबलेली लाइनसुद्धा मागच्या बाजूने कोमट असते, डब्यातली भाजी ऊन राहते. ‘पोट्ट्याईले नियम सांगितला का इसरतात. गरम भाजी सांगितली का कोनीच इसरत नाई.’

या डब्यांवरून एकदा वाजलं होतं. प्रमोद नावाचा नवा पोरगा आला, जवळच्याच खेड्यातल्या कुणब्याच्या घरचा. त्याने डबा लटकवला नाही, भोकाजवळ ठेवून दिला. का ते सगळ्यांना कळलं. त्या आकड्यांवर कुंदाताईचा डबा होता, विहाराकडच्या पोरांचे डबे होते.

‘काऊन गा, डबा बाटते काय?’ कुंदाताईने विचारलं.

‘तसं नाई ताई. घरी आई...’

‘घरी आईले काई नोको सांगू. मले तुई जात नाई पायजे, तुया डबा पायजे. हे घे तार. लांब कर, हातभर लांब कर, कोनाच्या डब्याले टेकू नोको देऊ. पन लटकव. वाफ सुटली तर मी तुया आईले काय सांगू, का पोट्टं सोवळं होतं म्हनून शिजलं?’

प्रमोदने लांब तार लावली. सगळ्यांच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, त्याचा डबा एकटा लोंबायचा. कोणी हसलं नाही, कारण कुंदाताई बघत होती. पुढे हळूहळू ती तार आखूड होत गेली. पूर्ण मात्र गेली नव्हती.

मग आला सुरक्षा सप्ताह.

शब्द नीट वाचा. सुरक्षा. सप्ताह. मुख्यालयाचे पाहुणे येणार होते, कंपनीला कसलंसं मानाचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. गेटवर ‘अपघाताविना दिवस’ लिहिलेली पाटी होती, तिला नवा रंग दिला. झाडांच्या बुंध्यांना गेरू लावला. सकाळी मोठे साहेब प्लांटमध्ये फिरले आणि टोस्टरजवळ थबकले.

‘ये क्या लटका रखा है? मच्छी बाजार है क्या? निकालो सब.’

त्या वेळी आत चौघं उतरलेले होते. भोकाजवळ नजर ठेवायला एक जण उभा असतो, त्याला पाहुण्यांच्या स्वागताला गेटवर उभं केलं होतं, हातात गुलाब देऊन. कुंदाताईला बॉयलरकडे पाठवलं होतं. साहेबांच्या मागे सफाईवाली सुमन उभी होती. माहेर सिंदी रेल्वेचं, नवऱ्यामागे इकडे आलेली, कामावर नवी. डब्याचा नियम तिला कोणी सांगितला नव्हता. साहेबांनी बोट दाखवलं. तिने डबे काढले. प्रमोदचा आधी काढला, कारण तो सगळ्यांच्या खाली होता, हाताला लगेच लागला. एकेक डबा ओल्या फडक्याने पुसला आणि कँटीनच्या फळीवर नीट ओळीने मांडून ठेवला. पुसला! आजही ते आठवलं की ती रडते.

थोड्या वेळाने ऑफिसमधून फोन आला: पाहुण्यांना प्लांट चालू दिसला पाहिजे. लाइन सांभाळणारा शिफ्टवाला टोस्टरपाशी आला. चष्म्याकडे पाहिलं, डबा नाही. म्हणजे आत कोणी नाही. त्याने इतकी वर्षं हेच पाहून लाइन चालू केली होती, आणि कधी चूक झाली नव्हती. तरीही भोकात तोंड घालून एक हाक द्यायची असते. फोन दुसऱ्यांदा वाजला, आणि हाक राहिली. त्याने बोल्ट ढिले केले, चष्मा फिरवला, बोल्ट पुन्हा कसले आणि लाइन तापवायला वाफ थोडीशी सोडली.

बाहेर मशिनींचा गोंगाट, आत लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज; कोणाला कोणाचं ऐकू गेलं नाही. वरच्या तिघांना वाफेची शिट्टी ऐकू आली, ते भोकातून बाहेर पडले. प्रमोद तळाशी होता.

किंकाळी बॉयलरपर्यंत गेली. कुंदाताई पळत आली, तिनेच व्हॉल्व्ह बंद केला, तिनेच त्याला ओढून काढलं. तिच्या दोन्ही तळहातांवर भाजल्याचे डाग आहेत. प्रमोद वाचला. कमरेखाली भाजला, महिनोन्‌महिने पडून राहिला, आता काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येतो. पाहुण्यांना दुसऱ्या गेटने नेलं, चहा पाजला. प्रमाणपत्र मिळालं. गेटवरच्या पाटीवर ‘अपघाताविना दिवस’चा आकडा दुसऱ्या दिवशी एकाने वाढला.

मी हे पुन्हा लिहितो. आकडा एकाने वाढला.

चौकशी बसली. थंड खोलीत, बाटलीबंद पाणी पीत, निष्कर्ष आधीच पिऊन आलेली माणसं. सफाई कामगार सुमन हिने स्वतःच्या मर्जीने, कोणाला न विचारता डबे हलवले, म्हणून अपघात झाला. साहेबांचं बोट कुठेच नाही. सुमनला कामावरून काढलं आणि पोलिसात तक्रार देणार अशी धमकी दिली. ती दोन लेकरं घेऊन कुंदाताईच्या ओट्यावर येऊन बसली.

आणि कुंदाताईला बोलावणं आलं.

संध्याकाळी ती टपरीवर आली. पावडर विस्कटलेली. चहा घेतला नाही.

‘मले पर्मनंट करून राह्यले,’ ती म्हणाली.

मी मूर्खासारखा म्हणालो, ‘अभिनंदन ताई.’

‘आइक ना पूरं. फिटर म्हनून. हेल्पर नाई, फिटर. फक्त मले सांगाचं हाये का सुमनले डब्याचा नियम मी सांगितला होता. म्हनजे माईत असून तिनं काढला.’

ही तीच जागा होती, जिची ती केस पांढरे होईपर्यंत वाट पाहत होती. गमतीगमतीत ती म्हणायची, मी मेली तर तिरडीवर ‘फिटर’ लिहा, हेल्पर नोको.

‘मग काय सांगितलंस?’

‘सांगितलं, उद्या सांगते.’ तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. ‘हात कोनाचा होता, हे सगळे इचारून राह्यले बापू. काढ म्हनून कोनं सांगितलं, हे कोनीच इचारत नाई.’

मी म्हटलं, आपण मोर्चा काढू, पत्रक काढू. ती म्हणाली, ‘तू कागद काढ. मी दुसरं पायते.’

दुरुस्तीसाठी टोस्टरची लाइन पुन्हा बंद होती, भरीव डोळा आत. दुसऱ्या दिवशी चालू करायचा हुकूम होता. गोदामात सोयाबीनची थप्पी, बाहेर ट्रकांची रांग. सुरू करण्याआधी कोणीतरी आत उतरून शेवटचं पाहायचं असतं. कुंदाताई उतरली. त्याआधी तिने आपला डबा चष्म्याच्या आकड्याला लटकवला. आत सगळं पाहिलं, वर आली, हात धुतले, केसांवरचा गमछा झटकला आणि डबा तिथेच ठेवून गेटबाहेर निघून आली. येऊन टपरीवर माझ्यासमोर बसली.

‘चा सांग,’ म्हणाली.

पुढचं आतलं मी पाहिलं नाही. पण जितक्यांनी सांगितलं तितक्यांनी सारखंच सांगितलं. शिफ्टवाला पाना घेऊन आला, डबा पाहिला, आणि पाना खाली ठेवून बसला. इंजिनिअर आला.

‘काय झालं? फिरव ना.’

‘डबा हाये साहेब.’

‘कोणाचा?’

‘कुंदाताईचा. थे आत हाये.’

‘अरे ती बाहेर चहा पीत बसली आहे! इथून दिसतेय!’

‘दिसत असन साहेब. पन डबा लटकला हाये ना. म्हनजे आत हाये.’

दुसऱ्याला सांगितलं, तोही तेच. तिसरा म्हणाला, ‘आमी डब्याले हात लावत नाई साहेब. डब्याले हात लावला म्हनून एका बाईवर पोलिस केस हून राह्यली.’ ठेकेदाराला फोन गेला, त्याने बाहेरची माणसं पाठवली. ती आली, लटकलेला डबा पाहिला, गोष्ट ऐकली आणि सावलीत जाऊन बसली.

दिवस गेला, दुसरा गेला. कुंदाताई सकाळी यायची, टपरीवर बसायची, संध्याकाळी लुनावर घरी जायची, आणि आमच्या सगळ्यांच्या मते टोस्टरच्या आत होती. आठवडा उलटला तेव्हा मोठे साहेब स्वतः टोस्टरपाशी गेले. सगळे कामगार जमले. साहेबांनी डब्याकडे हात नेला. तेव्हा मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, ‘काढा साहेब. चौकशीत नाव लिवाले बरं पडन.’

साहेबांचा हात तिथेच थांबला. मग खिशात गेला.

दुपारी ते गेटबाहेर आले. हायवेच्या धुळीत, टपरीसमोर. मागे कामगारांची भिंत.

‘बाई, हा काय तमाशा आहे? डबा काढा.’

‘काढते ना साहेब. माहाच हाये, मीच काढन. फक्त त्या दिवशी डबे काढाले कोनं सांगितलं, थेवढं सांगा.’

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ट्रकवाले खाली उतरून बघत होते. ते काहीतरी पुटपुटले.

‘आइकू नाई आलं साहेब. प्लांटचा आवाज लय हाये.’

प्लांट तर बंद होता. हायवेवरसुद्धा त्या क्षणी गाडी नव्हती.

‘मी सांगितलं होतं,’ साहेब म्हणाले. ‘डबे काढा म्हणून मी सांगितलं होतं.’

‘अन् सुमननं?’

‘मी सांगितलं म्हणून काढले तिने.’

जमलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं. कुंदाताईने ग्लासातला चहा संपवला.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे कोणी विजयाचे ढोल वाजवणार नाही. सुमनवरची तक्रार दिलीच गेली नाही, आणि ती परत झाडू मारते. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. प्रमोदची केस चालू आहे, त्यासाठीच मी हे लिहितो आहे. कुंदाताईचं नाव ठेकेदाराने पुढच्या यादीतून गाळलं. आता ती वर्ध्याला नालवाडीकडे एका वर्कशॉपमध्ये फ्लँजला भोकं पाडते. तिथेही हेल्पर.

पण मला दिसते ती त्या दुपारची. आत जाण्याआधी तिने खिशातून छोटी डबी काढून टपरीच्या आरशात तोंडाला पावडर लावली. आत गेली. पोरं पाने घेऊन तयारच होती. ‘समोरासमोर कसजा रे,’ एवढं ओरडल्याचं गेटपर्यंत ऐकू आलं. मग ती डबा हातात घेऊन परत आली, साहेब चार पावलं मागे.

गेटवर गार्ड होता. पितळ चोरतात म्हणून रोज कामगारांचे डबे उघडून पाहायची त्याची ड्यूटी. या एका गोष्टीवरून कुंदाताई त्याच्याशी रोज भांडलेली. आज त्याने मान खाली घातली.

‘जा ताई.’

‘काऊन? आज नाई पायत?’

‘जाऊ द्या ना.’

‘नाई. नियम हाये कंपनीचा. पाय.’

तिने कडी सोडली, झाकण उघडलं. आठवडाभर उन्हाळ्यात लटकलेली भाजी होती ती. गार्ड मागे सरकला. कुंदाताई वळली आणि डबा साहेबांच्या नाकासमोर धरला.

‘तुमीबी पायून घ्या साहेब. नाई तर म्हनान, बाई काई घेऊन गेली.’

साहेबांनी रुमाल काढला. ती तशीच उभी राहिली, त्यांनी पुरतं पाहेपर्यंत.

मग टपरीच्या नळाखाली बसून तिने डबा घासला. मातीने घासला, वास घेतला. राखेने घासला, वास घेतला. भाजलेले तळहात लाल झाले तरी घासत राहिली. शेवटी नळ बंद केला. वास गेला नव्हता, मला लांबूनही येत होता. तिने तो डबा तसाच लुनाच्या हँडलला लटकवला आणि गेली.